जीनोमच्या सामूहिक ॲनोटेशनसाठी चालती सेवा घ्यावी की स्वतःचा सर्व्हर उभारावा?

कोषकिडा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

आमच्या गटाकडे मावा वर्गातल्या एका किडीची जीनोम असेंब्ली तयार आहे, म्हणजे यंत्राने वाचलेले डीएनएचे तुकडे (रीड्स) जोडून बनवलेला जीनोम. लांब रीड्सची आहे, बऱ्यापैकी सलग. ब्रेकर हा प्रोग्रॅम चालवून जनुकांचे आराखडे काढलेत आणि जनुकसंच किती पूर्ण आहे ते मोजणाऱ्या बुस्कोचा आकडाही समाधानकारक आहे. पण बुस्को मोजतं ती बहुतेक जातींत एकेकच असणारी, उत्क्रांतीत फारशी न बदललेली जनुकं. आम्हाला रस आहे तो उरलेल्या भागात: वास ओळखणारे रिसेप्टर, कीटकनाशकं निकामी करणारी पी४५० विकरांची कुटुंबं, लाळेतली प्रथिनं. माव्यांमध्ये जनुकांच्या जादा प्रती होण्याचं प्रमाण फार मोठं असतं. वाटाण्यावरच्या माव्याचा जीनोम २०१० साली प्रसिद्ध झाला तेव्हा २,००० हून अधिक जनुककुटुंबांत अशी वाढ आढळली होती. शेजारी शेजारी बसलेल्या, जवळपास सारख्या प्रती आल्या की आपोआप आराखडे काढणारे प्रोग्रॅम गोंधळतात. दोन जनुकं जोडून एक करतात, नाहीतर एकाचे दोन तुकडे.

म्हणजे माणसांनी बसून एकेक जनुक तपासणं आलं, आणि ही माणसं वेगवेगळ्या देशांतल्या प्रयोगशाळांत आहेत. सध्या सगळं ईमेलवर चाललंय. कुणी एक्सेलमध्ये सुरुवात-शेवटाचे आकडे लिहून पाठवतं, कुणी आपल्या संगणकावर आराखडा बदलून फाइल पाठवतं. एकाच जनुकाच्या दोन दुरुस्त्या येतात, दोन्ही वेगळ्या, आणि कोणती कशाच्या आधारावर केली ते कळायला मार्ग नाही. हे थांबवायला हवं यावर एकमत आहे. पुढे काय यावर नाही.

अपोलो, म्हणजे जनुकांचे आराखडे अनेकांनी मिळून तपासायचं सॉफ्टवेअर, वापरायचं हे जवळजवळ ठरलंय. प्रश्न आहे तो आपल्या सर्व्हरवर बसवायचं की दुसरं कुणी चालवत असलेलं घ्यायचं हा. माझा कल दुसऱ्या पर्यायाकडे आहे. बसवायचा त्रास वाचतो हे खरंच, पण मला जास्त छळणारा प्रश्न पुढचा आहे: अनुदान संपलं, विद्यार्थी पदवी घेऊन गेले, की त्या मशीनकडे कोण बघणार? लोकांनी तासन्‌तास डोळे फोडून केलेलं काम मशीनबरोबर जाता कामा नये.

अनुभवी लोकांनी कृपया सविस्तर लिहावं. विषय नवा असेल त्यांनीही मोकळेपणाने शंका विचाराव्यात.

पहाटवारा

मी संगणकाच्या बाजूची, जीवशास्त्र शाळेनंतर सुटलं. प्रोग्रॅमने काढलेला आराखडा माणूस "दुरुस्त" करतो म्हणजे नेमकं काय करतो? त्याला बरोबर काय ते कुठून कळतं? आणि त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर का लागतं?

रानजाई

पहाटवारा, हा प्रश्न आला ते बरं झालं. याचं उत्तर डोळ्यांसमोर नसेल तर सर्व्हरची चर्चा हवेतच राहते.

जीनोम म्हणजे ए, टी, जी, सी या चार अक्षरांची लांबच लांब ओळ. तिच्यात जनुक कुठे सुरू होतं, त्यातले कुठले तुकडे अंतिम संदेशात राहतात (एक्झॉन) आणि मधले कुठले कापून टाकले जातात (इंट्रॉन) हे ठरवणं म्हणजे स्ट्रक्चरल ॲनोटेशन. त्या जनुकाचं काम काय ते नोंदवणं म्हणजे फंक्शनल ॲनोटेशन. इथे मुख्यतः पहिल्याबद्दल बोलणं चाललंय.

अपोलो उघडलं की वर एक फिकट पिवळी पट्टी असते. ती आपली, म्हणजे माणसांनी ठरवलेल्या जनुकांची. खाली एकाखाली एक पुराव्याचे ट्रॅक: ब्रेकरचा आराखडा, आरएनए-सीकचे (पेशीतल्या आरएनए संदेशांच्या वाचनाचे) रीड्स, जवळच्या जातींमधली प्रथिनं कुठे जुळतात ते. आता कोषकिडा म्हणतात तसलंच एक प्रकरण घ्या. ब्रेकर सांगतं की इथे नऊ एक्झॉनचं एक जनुक आहे. रीड्सकडे बघितलं तर पहिल्या पाच एक्झॉनना जोडणारे रीड्स भरपूर, सहा ते नऊला जोडणारे मोजके, आणि पाच-सहा यांना जोडणारा एकही नाही. प्रथिनांच्या ट्रॅकवर तोच रिसेप्टर पहिल्या पाच एक्झॉनवर पुरा जुळतो आणि पुढे पुन्हा पहिल्यापासून जुळायला लागतो. मग संशय राहत नाही, ही दोन जनुकं आहेत.

आराखडा ओढून पिवळ्या पट्टीत टाकायचा, पाच आणि सहा निवडून "स्प्लिट" करायचं. अपोलो दोन्ही भागांची सगळ्यांत लांब वाचनचौकट (प्रथिनात सलग वाचला जाणारा भाग) स्वतःच काढतं. पण दुसऱ्या जनुकाची सुरुवात त्याने सहाव्या एक्झॉनच्या मधोमध धरलेली असते, आणि प्रथिन तर सुरुवातीला तोकडं पडतंय. डावीकडे सरकून बघितलं की रीड्सचा एक छोटा पुंजका दिसतो, ब्रेकरने सोडून दिलेला पहिला एक्झॉन. तो ओढून घ्यायचा, जोडायचा. लगेच एका इंट्रॉनच्या कडेला नारिंगी उद्गारचिन्ह येतं, कारण इंट्रॉन जीटीने सुरू होऊन एजीने संपायला हवा आणि हा जीसीने सुरू होतोय. असे इंट्रॉन खरोखर असतात, शंभरात एखादा किंवा त्याहूनही कमी. रीड्स बरोबर त्याच अक्षरापाशी तुटत असतील तर ती कड तशीच ठेवायची आणि शेऱ्यात लिहायचं: "जीसी-एजी, रीड्सचा आधार आहे, बदलू नये." हा शेरा नसेल तर पुढचा माणूस चांगल्या हेतूने येऊन ती कड "सरळ" करणार, हे ठरलेलं.

वेगळं सॉफ्टवेअर लागतं ते यासाठी. पुरावा आणि निर्णय एकाच पडद्यावर हवेत, प्रत्येक बदलाचा इतिहास हवा आणि मागे जाता यायला हवं. फळमाशीच्या जीनोमच्या वेळी, नोव्हेंबर १९९९ मध्ये, सेलेरा कंपनीत तज्ज्ञांना एकत्र बसवून "जम्बोरी" भरवावा लागला होता. २००२ मध्ये अपोलो आलं ते प्रत्येकाने आपापल्या संगणकावर बसवायचा जावा प्रोग्रॅम म्हणून. २०१३ च्या शोधनिबंधातलं वेब अपोलो जेब्राउझ या ब्राउझरमध्ये जीनोम दाखवणाऱ्या साधनावर बांधलेलं होतं, आणि तिथून चित्र पालटलं. आता एकीने एक्झॉनची कड हलवली की दुसऱ्या खंडातल्या दुसरीच्या पडद्यावर ती तत्क्षणी हलते. सगळ्यांनी एकाच वहीत लिहावं तसं.

पहाटवारा

वा, आता समजलं! धन्यवाद ताई. पुढची चर्चा वाचते.

तळघर

मी सर्व्हर सांभाळणाऱ्यांपैकी. कोषकिडा यांच्या मूळ प्रश्नाला माझ्या बाजूने उत्तर देतो.

अपोलो २ बसवणं अवघड नाही. जावा, टॉमकॅट, पोस्टग्रेस. डॉकरची प्रतिमा घेतली तर एका दुपारी चालू होतं. तिथेच लोक फसतात. बसवणं सोपं, नांदवणं कठीण. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावाच्या लायब्ररीतली सुरक्षेची भेग उघडकीस आली तेव्हा जगभर जावावर चालणारी यंत्रणा सांभाळणाऱ्या प्रत्येकाला हातातलं काम टाकून धावावं लागलं. विद्यापीठाच्या कोपऱ्यातले, मालक सोडून गेलेले सर्व्हर तेव्हा सरळ बंद करण्यात आले, आणि ते योग्यच होतं. त्याशिवाय प्रमाणपत्रांची मुदत, जावाची आवृत्ती, विसरलेले पासवर्ड, बाम फाइलींनी (जुळवलेल्या रीड्सच्या) भरलेली डिस्क हे नेहमीचं आहेच.

बॅकअपबद्दल दोन शब्द. जेब्राउझच्या ट्रॅकच्या फाइली गेल्या तर पुन्हा तयार करता येतात, कारण मूळ रीड्स कुठेतरी असतात. माणसांनी केलेले बदल मात्र फक्त डेटाबेसमध्ये असतात. मी बघतो ते असं की लोक टेराबाइटभर फाइलींचा बॅकअप इमानेइतबारे घेतात आणि काही मेगाबाइटच्या त्या डेटाबेसचा डंप (पूर्ण प्रत) राहून जातो. घेतला तरी तो दुसऱ्या मशीनवर चढवून कुणी बघितलेला नसतो. चढवून बघितला नाही तो बॅकअप धरूच नये.

शिवाय अपोलो ३ हे जेब्राउझ २ वर नव्याने लिहिलेलं आहे. आज २ वर उभारणाऱ्याला कधीतरी स्थलांतर करावं लागणार. ते कोण करणार? चालत्या सेवेत निदान त्या कामासाठी नेमलेली माणसं असतात. तुमच्याकडे कायमस्वरूपी पदावर सिस्टीम सांभाळणारा माणूस नसेल तर माझं मत स्पष्ट आहे: उभारू नका.

देवराई

तळघर यांच्याशी १००% सहमत. फक्त "चालती सेवा" ही एकच एक गोष्ट नाही, तुमचा जीव कुठला त्यावर बरंच ठरतं.

संधिपाद प्राण्यांसाठी आय५के आहे. ५,००० संधिपादांचे जीनोम वाचायची ही मोहीम २०११ मध्ये जाहीर झाली आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय कृषी ग्रंथालयाने तिच्यासाठी जे कार्यस्थळ उभारलं त्यात अपोलोच आहे. परजीवी, बुरशी आणि रोगवाहक किडींसाठी व्हीयूपॅथडीबी. जीवाणूंवर काम करणाऱ्यांना फ्रान्सच्या जेनोस्कोपचं मायक्रोस्कोप माहीत असेलच. तिथे तज्ज्ञाने बदललेली नोंद आणि यंत्राची नोंद वेगवेगळी दिसते, ही मला फार आवडलेली गोष्ट. बेल्जियममधल्या गेंटचं ऑर्के (२०१२) हे विकीच्या धर्तीवरचं, प्रत्येक जनुकाला स्वतःचं पान आणि इतिहास. जीवाची अट नको असेल तर गॅलेक्सी या वेबवरून विश्लेषण करायच्या व्यवस्थेच्या युरोपच्या सर्व्हरला जोडलेलं अपोलो आहे. त्याचा मोठा फायदा असा की रीड्स जुळवण्यापासून ट्रॅक तयार करण्यापर्यंतची कामं गॅलेक्सीतच होतात आणि तिथून थेट अपोलोत पाठवता येतात. ऑस्ट्रेलियात बायोकॉमन्सने तिथल्या संशोधकांसाठी अपोलोची सेवा काढली आहे. अपोलो चालवण्याचं सगळं काम त्यांच्याकडे, जनुकं तपासायचं काम गटाकडे. ही विभागणी मला सगळ्यांत शहाणपणाची वाटते.

कुठेही अर्ज करण्याआधी सध्या नवे जीनोम घेतात का आणि कोणत्या अटींवर, ते पत्र लिहून विचारा. संकेतस्थळावरचा मजकूर बऱ्याचदा मागे पडलेला असतो.

निरंक

थोडा वेगळा सूर लावतो. हाताने तपासण्याचा हा खटाटोप अजून किती वर्षं करायचा? पृथ्वीवरच्या सुमारे १५ लाख ज्ञात दृश्यकेंद्रकी (पेशीत केंद्रक असलेल्या) जातींचे जीनोम वाचायचा संकल्प अर्थ बायोजीनोम प्रकल्पाने २०१८ मध्ये सोडला. त्यासाठी माणसं आणणार कुठून? आता हेलिक्सर आहे, टायबेरियस आहे. डीप लर्निंगवरचे हे प्रोग्रॅम नुसता जीनोम दिला तरी चांगले आराखडे देतात. या सेवांवरचा पैसा तिकडे वळवला तर जास्त जीवांचं भलं होईल असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

रानजाई

निरंक, १५ लाख जाती हाताने होणार नाहीत, हे मान्यच. कुणी तसं म्हणतही नाही.

पण ही दोन साधनं काय देतात ते बघा. दोन्ही एका जागी एका जनुकाचा एकच आराखडा देतात, आणि टायबेरियस तर फक्त प्रथिनात जाणारा भाग. पर्यायी स्प्लायसिंगचं, म्हणजे एकाच जनुकाचे एक्झॉन वेगवेगळ्या तऱ्हेने जोडले जातात त्याचं काय? फळमाशीच्या डीस्कॅम १ या एका जनुकातून ३८,०१६ प्रकारचे संदेश बनू शकतात. त्याच माशीच्या मॉड-एमडीजी४ मध्ये तर डीएनएच्या विरुद्ध बाजूंवरचे तुकडे जोडले जातात. अशा जागा कुणीतरी पुरावे घेऊन बघितल्या म्हणून कळल्या.

दुसरं असं की हे प्रोग्रॅम शिकतात ते आधीच्या ॲनोटेशनवरून, आणि बरोबर आले का तेही त्यांच्याशीच ताडून बघतात. मानवी जीनोमचं जेनकोड हे ॲनोटेशन घ्या, त्यामागे हवाना गटाचं वर्षानुवर्षांचं हातचं काम आहे. ते काम थांबवून त्याच्यावर शिकणारं यंत्र सुधारत राहील, ही अपेक्षा मला पटत नाही. जे जनुक तुम्ही प्रयोगशाळेत बंद करून बघणार, ज्याच्याविरुद्ध औषध शोधणार, त्याची सुरुवात चुकलेली असेल तर पुढचे सगळे प्रयोग वाया. तेवढी तरी माणसाच्या डोळ्याखालून जायलाच हवीत.

निरंक

शिकवणी आणि मोजमाप दोन्ही एकाच साठ्यावर चालतात हा मुद्दा वजनदार आहे. म्हणजे निवडक जनुकं हाताने, बाकी यंत्राने, आणि हाताने केलेली पुढच्या यंत्रांना शिकायला मिळतील अशा जागी जमा व्हावीत. असं म्हणत असाल तर माझा विरोध नाही. पण मग ती तशा जागी खरंच पोचतात का?

दप्तरी

निरंक यांच्या शेवटच्या वाक्यावर मला लिहायचंय, कारण माझं काम त्याच उंबऱ्यावर चालतं.

बहुतेकदा पोचत नाहीत. अपोलोत केलेली दुरुस्ती जेनबँकेत, म्हणजे जीनोमच्या सार्वजनिक भांडारात, आपोआप जात नाही. जेनबँकेतली नोंद बदलायचा हक्क ती नोंद ज्यांनी दाखल केली त्यांनाच असतो. म्हणजे गटाचं काम सर्व्हरवर, निबंधाच्या पुरवणीत एक एक्सेल, आणि जगाला दिसतो तो यंत्राने काढलेला पहिलाच आराखडा. पुढची सगळी साधनं तोच चुकीचा आराखडा उचलतात, आणि एका जातीतली चूक दुसऱ्या दहा जातींत पसरते.

म्हणून सेवा निवडताना मी पहिला प्रश्न विचारतो तो "बाहेर कसं पडायचं?" अपोलोतून जीएफएफ३ (आराखड्यांची) आणि फास्टा (अक्षरांच्या ओळींची) फाइल निघते, ही चांगली गोष्ट. जीएफएफ३ मध्ये नोंद कुणी केली आणि शेवटची कधी बदलली ते येतं, शेरे येतात. पण बदलांचा पायरीपायरीचा इतिहास येत नाही, तो डेटाबेसमध्येच राहतो. तेव्हा सेवा बंद होताना किंवा तुम्ही सोडताना डेटाबेसचा डंप देणार का, हे आधीच लिहून घ्या.

मग येतो जुळवणीचा भाग. हाताने केलेली काही जनुकं आणि यंत्राची उरलेली हजारो, यांचा एकच अधिकृत संच करायचा. तुम्ही दोन केलेल्या जनुकाच्या जागी यंत्राचं जुनं एक राहून गेलं तर तिथे तीन जनुकं होतात. आय५केच्या लोकांनी यासाठी जीएफएफ३टूलकिट लिहिलंय. ते तपासतं, दुरुस्त करतं आणि दोन्ही संच जोडून देतं. त्यानंतर टेबल२एएसएन या प्रोग्रॅममधून जेनबँकेच्या साच्यात घालायचं आणि तक्रारींची यादी वाचायची. तिथे हमखास दिसतात ते १० अक्षरांहूनही छोटे इंट्रॉन. जीवात असे इंट्रॉन नसतात. असेंब्लीत एखादं अक्षर जास्त-कमी झालं की वाचनचौकट मोडते, आणि ती सांधण्यासाठी प्रोग्रॅम तिथे खोटा इंट्रॉन घालतो. जनुक तपासतानाच अशा जागी असेंब्लीची चूक म्हणून नोंद केली तर शेवटी रडायची वेळ येत नाही. अपोलोत अक्षर घालण्या-वगळण्याची नोंद करायची सोय आहे, ती वापरा.

कोषकिडा

दप्तरी, हे सोन्यासारखं आहे. छोट्या इंट्रॉनची यादी आजच काढायला सांगतो.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. आमच्यातला एक सहकारी गट निबंध येईपर्यंत काहीही उघड करायला तयार नाही, आणि आय५केमध्ये असेंब्ली आधी सार्वजनिक भांडारात दाखल केलेली असावी लागते. दुसरी गोष्ट: बऱ्याच प्रयोगशाळा आपले विद्यार्थी या कामाला लावणार आहेत. त्यांना थेट बदलायची परवानगी द्यावी का?

देवराई

पहिल्यावर. गुप्तता हवीच असेल तर गॅलेक्सीचं अपोलो किंवा स्वतंत्र गटाला दिली जाणारी सेवा बघा. अपोलोत प्रत्येक जीनोमसाठी वाचणे, लिहिणे, निर्यात करणे आणि व्यवस्थापन असे वेगवेगळे अधिकार देता येतात, आणि जीनोम सार्वजनिक करायचा की नाही हेही ठरवता येतं. तरी त्या सहकाऱ्यांशी एकदा बोलून बघा असं सुचवेन. असेंब्ली उघड आणि जनुकांवरचं काम गटापुरतं, असा मधला मार्ग बऱ्याच ठिकाणी चालतो. नमुने दुसऱ्या देशातून आणलेले असतील तर परवान्यात माहिती कुठे ठेवावी याबद्दल काही अट आहे का तेही बघून घ्या.

खडूफळा

विद्यार्थ्यांबद्दल मी सांगतो, वर्गात हे शिकवतो.

जरूर द्या! फक्त एकेका जनुकावर एकटं सोडू नका. अमेरिकेतल्या जीनोमिक्स एज्युकेशन पार्टनरशिपची पद्धत उत्तम आहे. २००६ पासून ते पदवीच्या विद्यार्थ्यांकडून फळमाशीच्या वेगवेगळ्या जातींची जनुकं तपासून घेतात. प्रत्येक भाग किमान दोन विद्यार्थी एकमेकांचं न बघता करतात, मग जाणता विद्यार्थी दोन्ही ताडून अंतिम ठरवतो. जिथे दोघांचं जुळत नाही तिथेच शिक्षकाने बसायचं. त्या कामातून २०१५ साली निबंध आला त्यावर १,०१४ लेखकांची नावं होती, त्यातले बहुसंख्य विद्यार्थी. लिंबूवर्गीय झाडांवरच्या सिला किडीचं जीनोमही विद्यार्थ्यांनी अपोलोत असंच तपासलं आहे.

अपोलोत प्रत्येक नोंदीला स्थिती देता येते. "तपासणीसाठी तयार" आणि "मान्य" अशा दोनच ठेवा. मान्य करण्याचं काम मोजक्या लोकांकडे असू द्या. जास्त स्थित्या केल्या की कुणी त्या भरत नाही.

आणि श्रेयाचं पहिल्या दिवशीच ठरवा. या कामात माणसं टिकत नाहीत त्याचं खरं कारण हे आहे. महिनोन्‌महिने दोनशे रिसेप्टर तपासणाऱ्या मुलीचं नाव निबंधाच्या आभारात, आणि आकृती काढणाऱ्याचं लेखकांत, हे अन्यायाचं आहे आणि मुलांना ते कळतं. प्रत्येकाला ऑर्किड (संशोधकाची ओळख सांगणारा) क्रमांक काढायला लावा, खातं त्याच्या नावाचंच असू द्या, वर्गाचं सामायिक खातं कधीही नको. नोंदीवर नाव राहिलं तर पुढे दाखवता येतं. क्युरेशनचं (नोंदी तपासून दुरुस्त करण्याचं) काम मोजून त्याचं श्रेय देणारी एपिक्युरॉनसारखी व्यवस्थाही आता आहे.

पहाटवारा

खडूफळा सर, शेवटचा परिच्छेद वाचून फार बरं वाटलं. आमच्याकडे मुक्तस्रोत प्रकल्पांत प्रत्येक बदलामागे नाव असतं, ते इथेही असायला हवं.

एक शंका: या सेवांचा खर्च कोण करतं? वापरणाऱ्याला फुकट म्हणजे कुणीतरी देतच असणार.

दप्तरी

बहुतेक सरकारी संशोधन निधीतून, ठरावीक वर्षांच्या अनुदानावर. त्यामुळे तीही कायमची नाहीतच. ॲराबिडॉप्सिस या प्रयोगातल्या छोट्या वनस्पतीचं टेअर घ्या, वनस्पतीशास्त्रातलं खूप वापरलं जाणारं भांडार. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानचा निधी आटला तेव्हा तिथल्याच लोकांनी २०१३ मध्ये फीनिक्स बायोइन्फॉर्मेटिक्स ही ना-नफा संस्था काढली आणि वर्गणीवर ते चालू ठेवलं. तपासनीस टिकले आणि भांडार जगलं, पण ताजी माहिती सगळ्यांना लगेच मोफत, हे मात्र राहिलं नाही. याबद्दल लोकांची मतं तीव्र आहेत. मला विचाराल तर बंद पडण्यापेक्षा ते शतपटीने बरं.

यातून घ्यायचं ते हे की सेवा मोठ्या संस्थेची आहे म्हणून निर्धास्त राहू नका. तुमची प्रत तुमच्याकडे ठेवा.

तळघर

त्यासाठी पायथन-अपोलो वापरा. अपोलोच्या वेब सेवांशी बोलणारं पॅकेज आहे, गॅलेक्सीच्याच ॲनोटेशन गटाने केलेलं. निर्यातीचा अधिकार असलेलं एक खातं मागून घ्या आणि रोज रात्री जीएफएफ३ उतरवून गिटमध्ये (फाइलींच्या बदलांचा इतिहास ठेवणारी व्यवस्था) टाकणारी चार ओळींची स्क्रिप्ट लावा. फाइल आधी क्रमाने लावून घ्या, नाहीतर रोज सगळीच बदललेली दिसेल. आतला पायरीपायरीचा इतिहास मिळाला नाही तरी रोजचा फरक मिळतो. चालत्या सेवेवर राहूनही हे करता येतं.

कोषकिडा

सगळ्यांचे मनापासून आभार. काल गटाची बैठक झाली, हा धागा मोठ्या पडद्यावर लावूनच बोललो. ठरलं ते असं.

स्वतःचा सर्व्हर नाही. असेंब्ली भांडारात दाखल करायला त्या सहकाऱ्यांनी अखेर होकार दिला. जनुकांवरचं काम निबंधापर्यंत गटापुरतं राहील. आय५के आणि गॅलेक्सी दोन्हीकडे पत्रं लिहितोय, जिथून "नवे जीनोम घेतो आणि सोडताना डंप देतो" असं लेखी उत्तर आधी येईल तिथे जाऊ. रोजची जीएफएफ३ प्रत गिटमध्ये. दर टप्प्याला संच गोठवून झेनोडो या खुल्या भांडारात टाकायचा, म्हणजे त्याला डीओआय (कायमचा ओळख क्रमांक) मिळेल आणि तपासणाऱ्यांची नावं त्यावर येतील. प्रत्येक जनुक दोघांकडे, मान्यता तिघांकडे. जेनबँकेतली नोंद अद्ययावत करायची जबाबदारी एका व्यक्तीच्या नावावर लिहिली आहे, कारण ते काम "सगळ्यांचं" ठेवलं की होत नाही.

एक गोष्ट राहिली. क्रमवाचन करणारा आमचा गट म्हणतोय की आणखी रीड्स येणार आहेत आणि असेंब्ली सुधारता येईल. मग मधेच असेंब्ली बदलली तर?

रानजाई

बदलू देऊ नका. काम सुरू झाल्यावर असेंब्ली बदलली की सगळे पत्ते हलतात. लिफ्टऑफसारखं साधन आराखडे नव्या असेंब्लीवर नेऊन बसवतं आणि बहुतेक जनुकं नीट जातात. पण अडतं ते नेमकं जवळपास सारख्या प्रतींच्या पुंजक्यांत, म्हणजे तुम्ही हाताने तपासलेल्या जागीच. शिवाय "इथे असेंब्लीत अक्षर कमी आहे" असे जे शेरे लिहाल ते नव्या असेंब्लीत निरर्थक होतील.

आणखी रीड्स येणार असतील तर आधी ते येऊ द्या, असेंब्ली पॉलिश करून घ्या (म्हणजे रीड्सच्या आधारे तिच्यातल्या अक्षरांच्या चुका सुधारा), दप्तरींनी सांगितलेल्या छोट्या इंट्रॉनची यादी तिच्यावर पुन्हा काढा. ती लक्षणीय घटली तर नवी असेंब्ली घ्या, नाहीतर जुनीच गोठवा. तोवर लोकांना रिकामं बसवू नका. गॅलेक्सीच्या प्रशिक्षण साहित्यात अपोलोचा धडा आहे, तो सगळ्यांकडून करून घ्या आणि नावं देण्याचे नियम ठरवा. रिसेप्टरना क्रमांक कोण देणार यावरून मी गटांमध्ये कडाक्याची भांडणं बघितली आहेत.

कोषकिडा

समजलं. क्रमवाचन गटाला कळवतो की पॉलिश झालेली असेंब्ली येईपर्यंत अपोलोत काही चढवायचं नाही. नावांच्या नियमांचा मसुदा इथेच टाकतो, रानजाई आणि दप्तरी यांनी एकदा नजर घालावी ही विनंती.